यादीचा पंचनामा

जिल्ह्यातल्या ग्रंथपालांची इमेल यादी मी पंचनामा करून नष्ट केली, ही गोष्ट खरी आहे. आमच्या वर्तुळात ती अजून हसून सांगितली जाते. मी ती कारणांसकट सांगतो, कारण त्या वेळी माझ्या प्रत्येक कृतीमागे कारण होतं आणि बहुतेक कारणं लेखी होती.

यादी मीच २००० साली सुरू केली होती. कॉलेजांचे आणि गावोगावच्या वाचनालयांचे मिळून आम्ही त्रेसष्ट ग्रंथपाल. एकाने मेल टाकली की ती त्रेसष्ट जणांना जायची. "अमुक ग्रंथ कुणाकडे आहे का?" असं कुणी विचारायचं, दुसरं कुणी "आहे" म्हणायचं, आणि पुस्तक एसटीच्या पार्सलने निघायचं. एवढंच यादीचं खरं काम. बाकी मग दिवाळीच्या शुभेच्छा, बदलीच्या बातम्या आणि चुकून आलेल्या मेली. नांदगावच्या झुंबरराव आहेरांनी एकदा प्राचार्यांना पाठवायचा किरकोळ रजेचा अर्ज यादीवर टाकला. अकरा जणांनी "मंजूर" असं उत्तर दिलं आणि झुंबरराव रजेवर गेलेसुद्धा.

यादीचा खरा त्रास मात्र सहादू भोये यांचा होता. कळवणहून कनाशीकडे जाताना डोंगरात एक छोटं सार्वजनिक वाचनालय आहे, ते सहादू चालवायचे. तिथे वीज यायची तेव्हा यायची, कॉम्प्युटर तर नव्हताच. ते दर आठवडेबाजाराला कळवणला उतरायचे, सायबर कॅफेत बसायचे आणि आठवडाभराच्या सगळ्या मेली उघडून प्रत्येकीला वेगळं उत्तर द्यायचे: "पोच मिळाली. सहादू." तेही सगळ्यांना जाईल असं.

आमच्या धंद्यात पोच ही मोठी गोष्ट आहे. पुस्तक आलं, पोच द्या. मासिकाचा अंक आला, पोच द्या. पण बाजाराच्या दिवशी दुपारी बारा ते एक त्रेसष्ट लोकांच्या डब्यात आठ-दहा पोचा पडायच्या. दिवाळीच्या शुभेच्छांची पोच, बदलीची पोच, आहेरांच्या रजेची पोच. शेवटी मी यादीवर लिहिलं, "सहादूभाऊ, कृपया प्रत्येक मेलची पोच देऊ नये." पुढच्या बाजाराला उत्तर आलं: "पोच मिळाली. सहादू."

डिसेंबर २००७ च्या सभेत इंजिनीअरिंग कॉलेजच्या स्नेहल मॅडम उभ्या राहिल्या. वयाने आमच्यात सर्वांत लहान, बोलायला सर्वांत स्पष्ट. म्हणाल्या, "सर, इमेलच्या यादीचे दिवस गेले. आपण ऑर्कुटवर कम्युनिटी काढू. तिथे विषयवार चर्चा होते, फोटो दिसतात, आणि पोच द्यावी लागत नाही." शेवटच्या मुद्द्यावर टाळ्या पडल्या. मी विचार करू म्हणणार होतो. तेवढ्यात त्या सहज म्हणाल्या, "सरांना जमणार नसेल तर मी करते."

मे महिन्यात मी निवृत्त होणार होतो. आठ वर्षं यादी चालवलेल्या माणसाला सभेत असं ऐकावं लागलं. मी म्हणालो, "जमेल."

घरचा कॉम्प्युटर आमच्या हॉलमध्ये असतो. मला मानेचं दुखणं आहे म्हणून डॉक्टरांनी पडदा डोळ्यांच्या रेषेत ठेवायला सांगितला होता. सरिताने, म्हणजे माझ्या पत्नीने, मॉनिटरखाली काहीतरी जाड सरकवून वरून क्रोशाचं कापड घातलं होतं, त्यावर बाजूला गणपती आणि बुद्ध दोघंही बसायचे. या सिंहासनासमोर बसून मी खातं उघडायला घेतलं. तिथे एक मोठा अर्ज होता. आवडी काय, स्वयंपाकघरात काय येतं, विनोद कोणत्या प्रकारचा. विनोदाचे पर्याय दिले होते. मी सरिताला विचारलं. ती भाजी निवडता निवडता म्हणाली, "अहो, 'नाही' असा रकाना आहे का बघा."

फोटोसाठी माझ्याकडे पासपोर्ट आकाराचा एकच होता, त्याच्या कोपऱ्यावर कॉलेजचा गोल शिक्का. तो मी तसाच चढवला. साक्षांकित नसलेला फोटो लोकांनी ग्राह्य का धरावा, हा मला प्रश्नच होता.

कॉलेजात ती साइट बंद केलेली होती. संगणक विभागाचे प्रमुख म्हणाले, "ती मनोरंजनात मोडते. प्राचार्यांची परवानगी आणा." मी अर्ज केला. प्राचार्यांनी तो अभिप्रायासाठी ग्रंथालय समितीकडे पाठवला. समितीचा सचिव मीच असल्यामुळे पाच दिवसांनी माझाच अर्ज माझ्या टेबलावर आला. मी तो काळजीपूर्वक वाचला, दोन शुद्धलेखनाच्या चुका दुरुस्त केल्या आणि "शिफारस आहे" असा शेरा मारला. शेवटी रोज अकरा ते अकरा वीस एवढ्या वेळेपुरती परवानगी मिळाली, आणि त्यातली पहिली दहा मिनिटं पासवर्ड आठवण्यात जायची.

तरी एक्केचाळीस सभासद नव्या जागी आले. प्रत्येकाला मी दाखल क्रमांक दिला आणि नोंदवहीत चढवलं. ओळख पटवणं मात्र अवघड होतं, कारण निम्म्यांनी फोटोच्या जागी गुलाब लावला होता. पहिल्या आठवड्यातच मोठी चर्चा पेटली. विषय होता, चर्चेचे विषय कोणत्या क्रमाने लावावेत: अकारविल्हे की वर्गीकरणानुसार. सत्तेचाळीस मतं आली. पुस्तक एकानेही मागितलं नाही.

मग बदामांचं प्रकरण झालं. या साइटवर तुमचे मित्र तुम्हाला तीन रकान्यांत गुण देऊ शकत. पहिला विश्वासूपणाचा, दुसरा गार डोक्याचा असावा असं मी समजत होतो, आणि तिसरा रकाना मी मराठीत सांगणार नाही. त्याचं चिन्ह बदाम होतं. एका रविवारी सरिता मागे येऊन उभी राहिली.

"ही बदामं कसली?"

"गुण आहेत. मित्रांनी दिलेले."

"तीनपैकी तीन? तुम्हाला?" ती चष्मा आणून पुन्हा बघू लागली. "कोण आहे ती, मला भेटायचंय. तिचे डोळे तपासून घेऊ."

ती निघाली झुंबरराव आहेर. मी फोन केला तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "सर, गोपनीय अहवाल आहे ना तो? आपल्या माणसाला कुठल्याही रकान्यात कमी शेरा द्यायचा नसतो, पुढे त्याला अडचण येते. मी सगळ्या एक्केचाळीस जणांना तिन्हींत पूर्ण दिलेत. स्नेहल मॅडमनापण."

नोकरीत तीस वर्षं काढलेल्या माणसाला यात काही चूक दिसणं शक्य नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मलाही प्रथम दिसली नाही. स्नेहल मॅडमना दिसली. त्या आठवडाभर आम्हा दोघांशी बोलल्या नाहीत.

आता प्रश्न जुन्या यादीचा होता. आमचे शेजारी हिरामणभाऊ गांगुर्डे नोटांच्या छापखान्यातून निवृत्त झालेले. पेपर परत करायला आले की अर्धा तास बसतात आणि कोणत्याही गोष्टीवर मत देतात. म्हणाले, "पगारे साहेब, एकच माल दोन ठिकाणी ठेवायचा नाही. घोळ होतो. जुनं असेल ते नष्ट करा. पण नुसतं फेकू नका. साक्षीदार उभे करा, मोजून घ्या, सह्या घ्या."

हे मला एकदम पटलं, कारण आमच्याकडेही तीच रीत. पुस्तक जीर्ण झालं तरी ग्रंथपाल ते रद्दीत टाकू शकत नाही. त्याचं निर्लेखन करावं लागतं, म्हणजे समिती, यादी, ठराव, सह्या. मग यादीचं का नाही? फेब्रुवारीतल्या एका रविवारी सकाळी अकरा वाजता मी कागद लिहून तयार ठेवला: "आम्ही खाली सही करणारे पंच समक्ष हजर राहून लिहून देतो की, ग्रंथपाल यादी, सभासद त्रेसष्ट, मेलसंख्या पोचा वगळून दोन हजार आठशे चौदा, ही आमच्या डोळ्यांदेखत नष्ट करण्यात आली."

पंच क्रमांक एक हिरामणभाऊ. ते इस्त्रीचा सदरा घालून आले होते. पंच क्रमांक दोन सरिता, ती म्हणाली, "मी पोळ्या करतेय, इथूनच दिसतंय." मी बटण दाबलं. यंत्राने खात्री आहे का असं विचारलं. हिरामणभाऊ कौतुकाने म्हणाले, "बघा, यालासुद्धा रीत कळते." मी खात्री आहे म्हणालो. आठ वर्षं तीन सेकंदांत गेली. सरिताने पिठाच्या हाताने सही केली, त्या पंचनाम्यावर तिचा अंगठाही उमटलाय.

सर्व सभासदांना कळावं म्हणून तशी सूचनाही मी लावली. ती नव्या कम्युनिटीवर लावली. जे तिथे नव्हते त्यांना ती कशी दिसणार, हा विचार माझ्या मनात आला नाही. स्नेहल मॅडमच्याही आला नाही, हे मी मुद्दाम नोंदवतो.

एप्रिलमध्ये पदभार सुपूर्द करण्यासाठी ग्रंथपडताळणी झाली. अठ्ठावीस हजार पुस्तकांत एक कमी निघालं. निघालं तेही कुठलं, तर सह्याद्रीतल्या गवतांवरचा एक जुना इंग्रजी ग्रंथ, वजन अडीच किलो, दुर्मिळ म्हणून नोंदलेला, जिल्ह्यात दुसरी प्रत नाही. मी निर्धास्तपणे त्याचं कार्ड काढलं. कार्डावर माझ्याच अक्षरात लिहिलं होतं: "यादीमार्फत बाहेर. तपशिलासाठी मेल पाहावी."

मी ते दोनदा वाचलं आणि खुर्चीत बसलो.

ग्रंथालयाचं काही देणं नाही असा नादेय दाखला मिळाल्याशिवाय कॉलेजातून कुणाचेही निवृत्तीचे कागद पुढे सरकत नाहीत. हा नियम मीच लावून घेतला होता. गणिताच्या प्राध्यापकांचे कागद मी एका हरवलेल्या अंकासाठी चार महिने थांबवले होते. प्राचार्यांनी मला समोर बसवलं. "पगारे सर, तीस वर्षं तुम्ही आम्हाला सांगत आलात, नियम म्हणजे नियम. आता मी काय सांगू?" दारात गणिताचे माजी प्राध्यापक उभे होते. ते सहज आले होते म्हणे.

मी कम्युनिटीवर लिहिलं: गवताचा ग्रंथ कुणी नेला होता, कृपया कळवा. पहिल्या दिवशी एक चमचमता गुलाब आला. दुसऱ्या दिवशी "छान विषय, सर". तिसऱ्या दिवशी एकांनी हरकत घेतली की हा मजकूर चुकीच्या विभागात आहे. झुंबररावांनी लिहिलं, "मी नेलं असेल तर परत केलंच असेल, आणि केलं नसेल तर नेलंच नसेल." बाकीच्यांनी वाचलं की नाही, ते कळायला मार्ग नव्हता. प्रथमच मला वाटलं, कुणीतरी "पोच मिळाली" एवढं म्हणायला हवं होतं.

स्नेहल मॅडमनी मात्र फोन केला. "सर, जुन्या यादीत शोधलंत का? तिथे सगळ्या मेली असतील ना."

"यादी नष्ट केली."

"बंद केली म्हणजे. पण मेली..."

"मेलीसकट. पंचनामा आहे माझ्याकडे."

त्या हळूच म्हणाल्या, "पंचनामा?" आणि त्यांनी स्वतःहून सोळा कॉलेजांना फोन लावून विचारलं. काही हाती लागलं नाही, कारण इतक्या जुन्या मेली कुणीच आपल्या डब्यात ठेवल्या नव्हत्या, पण मी त्यांच्यावरचा राग त्या दिवशी काढून टाकला.

आठवड्याने एक पोस्टकार्ड आलं. टपोरं, सरळ अक्षर.

"आदरणीय पगारे सर, सा. न. वि. वि. फेब्रुवारीपासून मेल नाही. शेवटची आवक क्र. २८१४. मी पाठवलेली पोचही परत येते. आपली तब्येत बरी आहे ना? कळावे, सहादू भोये."

माझी नजर आवक क्रमांकावर थांबली. पंचनाम्यात मी मोजून लिहिलेला आकडाही तोच होता.

पुढच्या आठवडेबाजाराला मी सीबीएस बसस्थानकावरून कळवणची गाडी धरली. सायबर कॅफे मिरच्यांच्या ढिगांमागे एका गाळ्यात होता. सहादू कोपऱ्यातल्या यंत्रासमोर बसले होते, टोपी मांडीवर, समोर पडदा उघडा आणि शेजारी कापडात बांधलेली जाडजूड वही. मला बघून ते एवढ्या घाईने उठले की टोपी खाली पडली.

"सर! तुम्ही? मी म्हनलं आजारीच पडला. लय दिस झाले, एकपन मेल नाय."

"सहादूभाऊ, ती यादी बंद झाली."

"बंद?" ते पडद्याकडे बघू लागले. "सूचना नाय आली."

मी वहीकडे बोट दाखवलं. "हे काय?"

"आवक नोंदवही. मेल आली का लिहायची, मंग पोच द्यायची. वाचनालयात पोरं, म्हातारी मान्सं, सगळी ही वही वाचत्यात. आमच्याकं पेपर दोन दिवसांनी येतो. ह्याच्यात कोनाची बदली झाली, कोनतं पुस्तक कुठं हाय, समदं कळतं." मग जरा लाजून म्हणाले, "आहेर साहेबांची रजा मंजूर झाली तवा आमच्याकं लय आनंद झाला."

आठ वर्षांची एकेक मेल तिथे हाताने उतरवलेली होती: तारीख, कुणाची, विषय, पोच दिल्याची खूण. मला लागणाऱ्या चार ओळी सहादूंनी बोट फिरवत पाच मिनिटांत काढल्या आणि मोठ्याने वाचल्या. "सप्टेंबर दोन हजार तीन. नांदगाव, आहेर: गवताचा ग्रंथ पाहिजे. पगारे सर: पाठवला. ऑक्टोबर. आहेर: परत पाठवला, कॉलेज बंद म्हनून सरांच्या घरच्या पत्त्यावर. पगारे सर: घरी मिळाला, दिवाळीची सुट्टी संपली का ग्रंथालयात जमा करतो." त्यांनी वर बघितलं. "ह्याच्यापुढं नोंद नाय, सर. जमा केला असंल ना तुम्ही?"

मला क्रोशाचं कापड दिसलं. त्यावर बसलेले गणपती आणि बुद्ध दिसले. पार्सल सुतळीसकट, न उघडता, साडेचार वर्षं माझ्या डोळ्यांच्या रेषेत होतं.

विषय बदलावा म्हणून मी वहीचं शेवटचं पान उलटलं, आणि तिथे वाईट सापडलो. २८१४ नंतर क्रमांक नव्हते, नुसत्या तारखा होत्या, एकेका बाजाराच्या. प्रत्येक तारखेपुढे त्याच सरळ अक्षरात लिहिलं होतं: "आज मेल नाही." अशा दहा ओळी. दहा वेळा हा माणूस डोंगरातून उतरला होता, इथे बसला होता, आणि परत जाऊन वाचनालयातल्या लोकांना हे दाखवलं होतं. मला लाज वाटली. पुस्तकाची वाटली होती त्याहून जास्त वाटली.

"चूक माझी आहे, सहादूभाऊ," मी म्हणालो. "तुम्हाला कळवायला हवं होतं."

"असू द्या. तुम्ही सोता आला, हे काय कमी हाय?" त्यांनी पेन काढलं आणि नवी ओळ लिहिली. आवक क्र. २८१५. पगारे सर, समक्ष. विषय: पुस्तक. उत्तराच्या रकान्यात त्यांनी लिहिलं, "चहा दिला", आणि मग चहा सांगायला बाहेर गेले.

घरी येऊन मी मॉनिटर उचलला. सरिता म्हणाली, "अहो, ते तुमच्याच कॉलेजचं आहे, मी तेव्हाच सांगितलं होतं." तिने सांगितलं होतं की नाही याची लेखी नोंद कुठेच नाही. दुसऱ्या दिवशी ग्रंथ जमा झाला. कुठे सापडला या रकान्यात मी खरं ते लिहिलं, प्राचार्यांनी ते दोनदा वाचलं आणि तोंडावर रुमाल धरून दाखल्यावर सही केली. हिरामणभाऊंना मात्र अजून वाटतं की पंचनाम्यात काही त्रुटी नव्हती, आणि तेवढ्यापुरतं त्यांचं बरोबर आहे.

एकतीस मेला मी निवृत्त झालो. कम्युनिटीवर माझ्या नावाने पस्तीस गुलाब आले, त्यांतल्या नऊ जणांनी मला वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या. त्याच संध्याकाळी मी नवी यादी सुरू केली. सभासद दोन. मी पहिली मेल लिहिली: आज निवृत्त झालो, प्रकृती ठीक आहे, जिल्ह्यात कोण कुठे बदलून गेलं ते खाली देत आहे. मग बाजाराच्या दिवसापर्यंत वाट पाहिली. साडेबाराला उत्तर आलं.

"पोच मिळाली. आवक क्र. २८१६. वाचनालयात सर्वांनी वाचली. आहेर साहेबांचे काय चालले आहे, ते मंडळी विचारतात. सहादू."

झुंबररावांची खबर तर द्यायलाच हवी. मॉनिटर आता थेट टेबलावर आहे. मान दुखते, पण खाली ठेवायला जाड असं काही मी घरात आणत नाही. दर आठवड्याला मान खाली घालूनच लिहितो.